प्रेशर सर्जचे आलेख (पाणीवितरण मॉडेलिंग)

पंप अचानक ट्रिप झाला किंवा व्हॉल्व्ह झटक्यात बंद केला की पाइपलाइनमधून दाबाची लाट मागेपुढे धावते, तिचं सॉफ्टवेअरने केलेलं गणित ग्राफवर मांडलं की हे आलेख तयार होतात. नेहमीच्या एपानेटमध्ये (पाणीवितरणाचं जाळं मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) ते निघत नाहीत, कारण त्यात प्रत्येक टप्प्याला प्रवाह स्थिर धरलेला असतो, लाट हिशेबात येतच नाही. त्यासाठी हॅमर, केवायपाइप सर्ज किंवा मुक्त स्रोतातलं टीएसनेट लागतं.

हेड (पाण्याच्या उंचीत, मीटरमध्ये मोजलेला दाब) किती वाढेल याचं मूळ सूत्र रशियन शास्त्रज्ञ जुकोव्स्कीच्या नावावर चालतं: लाटेचा वेग गुणिले पाण्याच्या वेगातला बदल, भागिले गुरुत्वत्वरण. त्यांचे मॉस्कोतले प्रयोग १८९७-९८च्या सुमाराचे. पण नाडीच्या लाटांवर काम करणारे शरीरशास्त्रज्ञ योहानेस फॉन क्रीस यांनी १८८३ मध्येच हे सूत्र मांडलं होतं, आणि अमेरिकेत फ्रिझेल १८९८ला स्वतंत्रपणे तिथेच पोचले, त्यामुळे पहिला मान फॉन क्रीस यांना देणं जास्त सयुक्तिक वाटतं, नाव मात्र जुकोव्स्कीचंच रूढ झालंय. पुढे १९२०-३०च्या दशकांत लोवी, श्नायडर आणि बर्जेरॉन यांनी आलेखपद्धत घडवली (श्रेय बहुधा शेवटच्या दोघांनाच मिळतं). तिच्यात एका अक्षावर प्रवाह, दुसऱ्यावर हेड घेऊन तिरक्या रेघा ओढत जायचं, रेघा जिथे छेदतील तिथे त्या क्षणाचं उत्तर. म्हणजे तेव्हा ग्राफ काढणं हेच गणित होतं! साधारण १९६०च्या दशकापासून स्ट्रीटर वगैरेंनी हे काम कॉम्प्युटरवर नेलं आणि ग्राफ फक्त निकाल दाखवायला उरला.

आज मुख्य ग्राफ दोन. एकात एकाच ठिकाणचा दाब वेळेनुसार दिसतो. दुसऱ्यात अख्ख्या लाइनची उंची आणि तिच्यावर कमाल-किमान हेडच्या दोन रेघा, म्हणजे एन्व्हलप. दुसरा आधी बघावा, कारण धोका कुठे आहे ते तोच सांगतो, पण त्या रेघांवरचे बिंदू एकाच क्षणाचे नसतात हे लोक हमखास विसरतात.

खरी गोची निकाल किती वेळाने सेव्ह करायचे त्या अंतराची आहे. स्टीलच्या पाइपात लाट सेकंदाला साधारण १००० मीटर जाते, पीव्हीसीत बरीच हळू, ३०० ते ५००च्या आसपास. २ किलोमीटर स्टील लाइनवर लाट जाऊन परत यायला ४ सेकंद, त्याच्या आत व्हॉल्व्ह बंद झाला तर दर १ मीटर प्रतिसेकंद वेगामागे जवळपास १०० मीटर हेड वाढतं. गणित सेकंदाच्या शंभराव्या भागाने चाललं आणि ग्राफसाठी दर सेकंदाला एकच आकडा ठेवला तर बारीक शिखर गायब होतं, एन्व्हलप मात्र बहुतेक वेळा गणिताच्या प्रत्येक टप्प्यावरून काढलेला असतो, म्हणून दोन ग्राफ जुळत नाहीत आणि मॉडेल चुकलंय असं वाटतं.

किमान रेघ पाइपच्या खाली गेली की ऋण दाब. समुद्रसपाटीला साधारण उणे १० मीटरला पाण्याची वाफ होऊन स्तंभ तुटतो, त्यामुळे उणे ४० दिसलं तर वाफेच्या पोकळीचा हिशेब करणारं मॉडेल चालूच नाही असं समजावं. ते चालू केल्यावर पोकळी मिटताना टोकदार शिखरं येतात, त्यातली काही खरी आणि काही निव्वळ गणिताची, गणिताचा वेळेचा टप्पा लहान करून पुन्हा चालवलं की पुष्कळदा कळतं. लाट विरण्याचा वेगही जपून वाचावा, स्थिर घर्षण (स्थिर प्रवाहात असतं तेवढंच) धरलं तर ती प्रत्यक्षापेक्षा सावकाश विरते.