संमिश्रांचा कचरा कारखान्यातच सुरू होतो

पवनचक्क्यांची जुनी पाती जमिनीत पुरल्याची छायाचित्रे प्रसिद्ध झाली की तंतुप्रबलित संमिश्रांवर, म्हणजे काच किंवा कार्बनचे तंतू रेझिन या घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात बसवून केलेल्या पदार्थांवर, टीका होते आणि ती रास्तही असते. मात्र या पदार्थांची बरीच नासाडी वस्तू वापरात येण्याआधीच होऊन गेलेली असते.

बहुतेक कार्बन तंतू पॉलिॲक्रिलोनायट्राइल या बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) धाग्यांपासून बनतात. हे धागे आधी हवेत २०० ते ३०० अंश सेल्सिअसला आणि मग नायट्रोजनमध्ये १००० अंशांच्याही वर तापवले जातात, त्यात त्यांचे जवळपास निम्मे वजन वायुरूपाने निघून जाते. इतकी ऊर्जा खर्चून मिळालेला तंतू कापणीच्या मेजावर वाया जावा, हे खरे दुखणे आहे.

विमानाच्या भागांसाठी 'प्रीप्रेग', म्हणजे आधीच रेझिन मुरवलेले कापड वापरतात. ते उणे १८ अंशांच्या आसपास साठवावे लागते. बाहेर काढताच रेझिन हळूहळू घट्ट होऊ लागत असल्याने प्रत्येक गुंडाळी किती तास बाहेर राहिली याची नोंद ठेवली जाते आणि मुदत उलटली की न वापरलेले कापडही बाद होते. वक्र आकार कापताना मधल्या तुकड्यांचा ढीग साचतो तो वेगळाच. पुढे साच्यावरील थरांभोवती घातलेली निर्वात पिशवी, चिकटपट्ट्या, हवा बाहेर जाऊ देणारे कापड, हे सारे बहुधा एकदाच वापरून टाकून दिले जाते.

यावरचे काही उपाय साधे आहेत. संगणकाने तुकड्यांची दाटीने मांडणी करता येते, यंत्राने अरुंद फिती हव्या तेवढ्याच जागी अंथरता येतात आणि सिलिकोनच्या पिशव्या पुन्हा पुन्हा वापरता येतात. कोरडे कापड बंद साच्यात ठेवून त्यात रेझिन ओढून घेतल्यास शीतगृहाची गरज उरत नाही; शिवाय पॉलिएस्टर रेझिनमधून उडणारी स्टायरीनची वाफही पुष्कळ कमी होते.

सर्वांत कुतूहलाचा प्रयोग २०१८ साली इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी प्रसिद्ध केला. रेझिन म्हणून घेतलेल्या डायसायक्लोपेंटाडाइन या द्रवाला एका कडेला थोडी उष्णता दिली की तिथे सुरू झालेली अभिक्रिया स्वतःच्याच उष्णतेवर पुढे सरकत जाते आणि सारा भाग घट्ट होतो. भट्टीत तासन्‌तास तापवण्याची गरजच राहत नाही. तंतूंचे प्रमाण वाढले किंवा साच्याने फार उष्णता शोषली, तर मात्र अभिक्रियेची ही लाट मध्येच विझू शकते. त्यातही विमान उद्योगात नवे रेझिन स्वीकारण्यापूर्वी त्याच्या ताकदीच्या, थकव्याच्या (वारंवार ताण सोसण्याच्या) आणि आगीच्या चाचण्या कराव्या लागतात, आणि त्यांना वर्षे लागतात.