पास्का आणि बाप्तिस्मा

येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा सण, म्हणजेच ईस्टर. गोव्याच्या कोकणीत याला ‘पास्कांचें फेस्त’ म्हणतात. मराठी बायबलात ‘वल्हांडण’ म्हणून येणाऱ्या ज्यू सणाच्या हिब्रू नावापासून ग्रीक, लॅटिन व पोर्तुगीज यांच्या वाटेने ‘पास्का’ हा शब्द येथे रुळला आहे.

पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती धर्मात प्रवेश देणारा संस्कार, घेणारा ख्रिस्ताबरोबर पुरला जातो आणि नव्या जीवनात चालू लागतो, असे म्हटले आहे. योहानाच्या शुभवर्तमानात (अध्याय ३) मात्र पाणी व आत्मा यांपासून होणाऱ्या जन्माचा उल्लेख आहे. एकच पाणी थडगेही आहे आणि गर्भाशयही, आणि या संस्काराचे सारे सामर्थ्य त्यातच आहे.

आरंभीच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा सर्वत्र पास्काच्या रात्रीच होत असे, हा समज दीर्घकाळ प्रचलित होता. त्याला मुख्य आधार इ.स. २०० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेत लिहिणाऱ्या तेर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाचा आहे. तो पास्काला सर्वांत योग्य दिवस ठरवतो, परंतु प्रत्येक दिवस प्रभूचाच असल्याचेही लगेच सांगतो. हिप्पोलितस या आरंभीच्या ख्रिस्ती लेखकाच्या नावावर घातलेल्या विधिग्रंथाचे कर्तृत्व आज वादग्रस्त असून त्यात पास्काचा स्पष्ट निर्देश नाही. सीरियात बाप्तिस्म्याचा संबंध ख्रिस्ताच्या मृत्यूपेक्षा यार्देन नदीतील त्याच्या स्नानाशी अधिक जोडला जाई. त्यामुळे पास्काची रात्र हा व्यापक नियम चौथ्या शतकात रूढ झाला, हे अलीकडील मत अधिक ग्राह्य वाटते. पुढे शिशुबाप्तिस्मा सार्वत्रिक झाल्यावर हा दुवा सैल झाला आणि पास्काच्या रात्रीचा जागरविधी आदल्या शनिवारी सकाळीच उरकला जाऊ लागला. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी तो पुन्हा रात्री करण्यास अनुमती दिली.

गोव्यात सोळाव्या शतकात सामूहिक बाप्तिस्मे झाले. त्यांसाठी पास्काऐवजी संत पौलाच्या परिवर्तनाचा दिवस, २५ जानेवारी, निवडल्याचे उल्लेख आढळतात. त्यांपैकी किती स्वेच्छेने झाले, याविषयी तीव्र मतभेद आहेत आणि सत्तेचा दाब नाकारता येत नाही. जुन्या गोव्यातील से कॅथेड्रलमधील बाप्तिस्मापात्र १५३२ चे मानले जाते. फ्रान्सिस झेवियर यांनी त्या पात्रातून बाप्तिस्मा दिल्याची परंपरा आहे. नवख्रिस्तींना ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांतून सांगण्यासाठी फादर स्टीफन्स यांनी रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापले गेले.

आजकाल ईस्टरच्या आदल्या शनिवारी रात्री चर्चबाहेर अग्नी पेटवून त्यावरून मोठी पास्का-मेणबत्ती पेटवतात. तिच्यावर क्रूस, चालू वर्षाचे आकडे आणि ख्रिस्ताच्या जखमांचे प्रतीक म्हणून धुपाचे पाच दाणे असतात. अंधाऱ्या चर्चमध्ये तिच्यावरून हातोहात इतर मेणबत्त्या पेटत जातात. पाण्याला आशीर्वाद देताना ती पाण्यात उतरवली जाते. बाळपणीच बाप्तिस्मा झालेले बहुसंख्य भाविक त्या वेळी हातात ज्योत धरून, आई-वडील व धर्मपिता-धर्ममातेने पूर्वी आपल्या वतीने घेतलेली वचने स्वतःच्या तोंडाने पुन्हा घेतात.