आज्ञा तीच, छपाई वेगळी

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, सोर्स कोडमधून कसा बांधला जातो, हे दाखवायला मध्यंतरी एका वर्गात गेलो होतो. आधी नुसतं 'मेक' लिहून बिल्ड, म्हणजे ही बांधणी, सुरू केला. थोड्या वेळाने तो थांबवला आणि 'मेक व्ही=1' लिहून, म्हणजे प्रत्येक आज्ञा पूर्ण छापायला सांगून, पुन्हा चालू केला. आता पडद्यावरून अक्षरांचा धबधबा वाहू लागला. पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, आता कॉम्प्युटर जास्त काम करतोय ना?"

खूप जणांना असंच वाटतं. भराभर सरकणाऱ्या ओळी म्हणजे आत काहीतरी मोठं चाललंय, हे चित्रपटांनी आपल्या डोक्यात घट्ट बसवलंय. प्रत्यक्षात तिथे कणभरही काम वाढलेलं नव्हतं, फक्त बोलणं वाढलं होतं.

'मेक' हे साधन 1976 साली बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलं. कोणती फाइल कशावर अवलंबून आहे हे त्याला सांगून ठेवायचं. मग ते फाइलींच्या वेळा ताडून पाहतं आणि जी शिळी झाली तेवढीच पुन्हा तयार करतं. त्याची एक जुनी सवय आहे: आज्ञा चालवण्याआधी ती पडद्यावर छापायची. आज्ञेच्या आधी @ हे चिन्ह लावलं की ती चालते, पण छापली जात नाही.

लहान प्रोग्रॅमला एवढं पुरतं, कर्नलला नाही. तिथे काही हजार फाइली कंपाइल होतात, म्हणजे कंपायलर नावाचा प्रोग्रॅम त्या यंत्राच्या भाषेत बदलतो, आणि एकेका फाइलची आज्ञा सहज हजारावर अक्षरांची असते. जुन्या टर्मिनलचा पडदा 80 अक्षरं रुंद आणि 24 ओळी उंच, म्हणजे 1920 अक्षरांचा. एका आज्ञेत त्याचा निम्मा भाग गेला! कर्नलच्या 2.4 या आवृत्तीच्या काळात या सगळ्या आज्ञा जशाच्या तशा छापल्या जायच्या आणि कंपायलरने मध्येच दिलेली दोन ओळींची वॉर्निंग त्या पुरात कुठल्या कुठे वाहून जायची. डिसेंबर 2003 मध्ये आलेल्या 2.6 मध्ये प्रत्येक फाइलमागे एकच आखूड ओळ उरली: 'सीसी' आणि पुढे फाइलचं नाव. सीसी म्हणजे सी भाषेचा कंपायलर.

हे ज्या युक्तीने साधलं, ती मला फार आवडते. मूळ नावं इंग्रजी आहेत, इथे समजायला मराठी घेतो. 'आज्ञा_सीसी' या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे मजकूर ठेवायच्या नाव दिलेल्या जागेत, पूर्ण लांबलचक आज्ञा असते. 'शांत_आज्ञा_सीसी' मध्ये फक्त ती आखूड ओळ असते. तिसऱ्या व्हेरिएबलचं नाव 'उपसर्ग'. $ आणि कंस म्हणजे आत लिहिलेल्या नावाच्या व्हेरिएबलमधला मजकूर. आता छपाईच्या जागी असं लिहायचं:

$($(उपसर्ग)आज्ञा_सीसी)

मेक आधी आतला कंस सोडवतं. त्यातून जे मिळेल ते 'आज्ञा_सीसी' ला पुढून चिकटतं आणि एक नाव तयार होतं. मग त्या नावाच्या व्हेरिएबलमध्ये काय आहे, ते बाहेरचा कंस शोधतो. थोडक्यात, व्हेरिएबलचं नावच आयत्या वेळी घडवलं जातं. शाळेत आपण आहार, विहार, प्रहार, संहार शिकलो, तसंच हे: मूळ तेच, पुढे काय लागलं त्यावर अर्थ ठरतो. उपसर्ग रिकामा असेल (व्ही=1 ने तो तसा होतो) तर पूर्ण आज्ञा छापली जाते. तो 'शांत_' असेल (नुसतं 'मेक' लिहिलं की असतो) तर आखूड ओळ. आणि 'मूक_' असेल तर? 'मूक_आज्ञा_सीसी' नावाचं व्हेरिएबल कोणी कुठेच लिहिलेलं नाही. न लिहिलेलं व्हेरिएबल मेकच्या लेखी चूक नसते, ते नुसतं रिकामं असतं. म्हणून काहीच छापलं जात नाही. तीन पातळ्या, आणि छापायच्या जागी 'जर-तर' चा एक शब्दही नाही!

चालवायची आज्ञा मात्र नेहमी बिनउपसर्गाच्या नावातूनच घेतली जाते. त्यामुळे पडद्यावर काहीही दिसो, कंपायलरला मिळणारी आज्ञा अक्षरशः तीच राहते. मेकसाठीच्या सूचनांच्या फाइली तयार करायला मदत करणाऱ्या ऑटोमेक या साधनाने 2009 च्या 1.11 या आवृत्तीत हाच मार्ग धरला, फक्त तिथे नावाच्या शेवटी 0 किंवा 1 हा अंक जोडतात. म्हणजे उपसर्गाच्या जागी प्रत्यय.

इथे बोलणारे दोघे आहेत, हेही ध्यानात ठेवायला हवं. आज्ञा छापतं ते मेक. वॉर्निंग देतो तो कंपायलर, आणि त्याची वाट वेगळी, चुका आणि इशारे कळवण्यासाठी राखलेल्या स्टँडर्ड एररची. मेकला गप्प केलं तरी कंपायलर बोलतच राहतो, आणि तेच हवं असतं. मी स्वतः एकदा याच्या उलट केलं होतं. कटकट नको म्हणून बिल्डचा सगळा मजकूर पाइपने, म्हणजे एका प्रोग्रॅमचा मजकूर थेट दुसऱ्याला देण्याच्या सोयीने, 'टेल' या प्रोग्रॅमकडे पाठवला आणि शेवटच्या काही ओळीच पाहिल्या. अशा वेळी शेल, म्हणजे आपण लिहिलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम, यश-अपयश विचारतं ते पाइपमधल्या शेवटच्या प्रोग्रॅमला. टेलने शून्य, म्हणजे 'सगळं ठीक', असं कळवलं. बिल्ड मात्र पडला होता, आणि माझी स्क्रिप्ट जुनीच फाइल घेऊन पुढे गेली. त्यात माझा अर्धा दिवस गेला. बॅश या शेलमधलं 'पाइपफेल', म्हणजे पाइपमधला कोणताही प्रोग्रॅम पडला तरी अपयश कळवण्याची सोय, चालू असतं तर हे टळलं असतं.

व्ही=2 हा पर्याय मला सर्वांत मोलाचा वाटतो. तो आज्ञा छापत नाही, ती फाइल पुन्हा का बांधावी लागली याचं कारण छापतो: फाइलच नव्हती, अमुक हेडर (अनेक फाइली वापरतात ती सामाईक फाइल) बदललं, की कंपायलरला द्यायचे पर्याय बदलले. यातलं शेवटचं कळावं म्हणून प्रत्येक फाइलची मागची आज्ञा शेजारच्या एका छोट्या फाइलमध्ये जपलेली असते. इतकं सगळं हाताशी असताना, काही अडलं की 'मेक क्लीन' करून, म्हणजे बांधलेलं पुसून टाकून, सगळं नव्याने बांधणारे खूप आहेत. दृष्ट काढावी तसा हा तोडगा झालाय. कधी गुण येतो, पण रोग काय होता हे कधीच कळत नाही.

त्या मुलीला मी बिल्ड पूर्ण होऊ द्यायला सांगितलं आणि मग कर्नलमधल्या असंख्य फाइली वापरतात त्या 'शेड' (sched.h) या हेडरमध्ये एक रिकामी ओळ घालून व्ही=2 ने पुन्हा मेक चालवायला सांगितलं. आखूड ओळी एकामागून एक येत गेल्या, आणि जवळजवळ प्रत्येकीच्या शेवटी कारण म्हणून तिनेच बदललेल्या फाइलचं नाव होतं.