गोष्ट सुरू झाली की कंट्रोलर खाली ठेवायचा का? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

कुठलाही मोठा अ‍ॅक्शन-अ‍ॅडव्हेंचर गेम आला की आठवडाभरात तेच भांडण सुरू होतं, एक गट म्हणतो किती ते कटसीन (खेळ थांबवून दाखवलेले सिनेमासारखे प्रसंग), मला खेळायचंय, पिक्चर नाही बघायचा, आणि दुसरा गट म्हणतो गोष्टच नसेल तर नुसती बटणं बडवण्यात कसली मजा. दोन्हीकडची माणसं मनापासून बोलत असतात आणि मला दोन्ही पटतं. पण हा वाद ४० वर्षांपेक्षा जुना आहे, आणि त्याची मुळं शोधत मागे गेलं की कळतं की सुरुवातीला गेममध्ये गोष्ट किती हा आवडीनिवडीचा प्रश्न नव्हताच, जागेचा होता.

आधी नावच बघा ना. अ‍ॅक्शन आणि अ‍ॅडव्हेंचर ही दोन वेगळी घराणी होती. अ‍ॅक्शन म्हणजे आर्केडमधलं मशीन, नाणं टाका आणि हात चालवा. अ‍ॅडव्हेंचर म्हणजे विल क्राउदर आणि डॉन वुड्स यांनी १९७६-७७ मध्ये मोठ्या कॉम्प्युटरवर बनवलेला गुहेचा गेम, त्यात एकही चित्र नाही, सगळं शब्दांत, तुम्ही उत्तरेला जा असं टाइप करायचं आणि कॉम्प्युटर पुढे काय दिसतंय ते लिहून सांगायचा. एकात नुसता हात, दुसऱ्यात नुसती गोष्ट. वॉरन रॉबिनेटने हा शब्दांचा गेम बघितला आणि तसंच काहीतरी अटारी २६०० या घरगुती गेमच्या मशीनवर करायचं डोक्यात घेतलं, आणि त्याच्याकडे जागा होती ४ केबी. आज मोबाइलवर एखादा स्टिकर येतो ना, तोसुद्धा याच्या कितीतरी पट मोठा असतो. त्यात त्याने किल्ले, चाव्या, चक्रव्यूह आणि तीन ड्रॅगन बसवले, हिरो म्हणजे एक चौकोन, आणि दुष्ट जादूगाराने चषक पळवलाय ही गोष्ट गेममध्ये कुठेच नाही, ती सोबतच्या पुस्तिकेत छापलेली. म्हणजे हे दोन घराण्यांचं लग्न लागलं तेव्हाच गोष्ट घराबाहेर ठेवावी लागली होती.

१९८६ च्या 'झेल्डा'तही फार वेगळं नव्हतं. तो बनवणारे शिगेरू मियामोतो लहानपणी क्योटोजवळच्या सोनोबे गावात डोंगर-जंगलात भटकायचे, एकदा एक गुहा सापडली आणि कंदील घेऊन आत गेले, ती भीती आणि ती उत्सुकता त्यांना गेममध्ये हवी होती. गेम सुरू होतो, समोर एक काळी गुहा, आत एक म्हातारा, तो एका वाक्यात सांगतो की एकट्याने जाणं धोक्याचं आहे, हे घे, आणि तलवार देतो. पुढे तास न् तास तुम्ही मोकळे. राजकन्या, गॅनन, आठ तुकडे झालेला ट्रायफोर्स नावाचा जादूचा त्रिकोण, हे सगळं टायटल स्क्रीनवरच्या चार ओळींत आणि पुस्तिकेत. मला वाटतं कमी गोष्ट पुरे म्हणणाऱ्यांच्या मनात हाच गेम असतो, आणि त्यांचं चुकत नाही, कारण त्यात आपण काय केलं हीच आपली गोष्ट होते.

आता 'प्रिन्स ऑफ पर्शिया'वर मला जरा जास्त थांबायचंय, कारण आपल्याकडे नव्वदच्या दशकात ज्याने ज्याने शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये किंवा गल्लीतल्या क्लासमध्ये डॉसवर काही खेळलंय त्याने प्रिन्स खेळलाच असणार, सर बाहेर गेले की प्रिन्स मेगाहिट असं टाइप करायचं म्हणजे चीट चालायचे. तो बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरला सिनेमा करायचा होता. त्याने धाकट्या भावाला पळायला आणि उड्या मारायला लावून व्हिडिओ काढला आणि त्यावरून एकेक फ्रेम ट्रेस केली, म्हणून तो प्रिन्स कठड्याला लोंबकळतो तेव्हा आपल्याच खांद्याला ताण बसतो. १९८९ मध्ये अ‍ॅपल टू कॉम्प्युटरवर आलेल्या या गेमची गोष्ट एका मिनिटात संपते, वजीर जाफर राजकन्येला म्हणतो लग्न कर नाहीतर मर, वाळूचं घड्याळ उलटं करतो, आणि तुमच्याकडे ६० मिनिटं. आणि ही ६० मिनिटं खरोखरची ६० मिनिटं. कटसीनमध्ये सांगितलेली घाई खेळताना तुमच्या छातीत धडधडते.

पण खरी कमाल सावलीची आहे. मेकनरला सुरुवातीला गेममध्ये मारामारी नकोच होती, पण नुसतं पळणं आणि उड्या मारणं कंटाळवाणं होत होतं, बरोबरचे लोक सांगत होते की शत्रू पाहिजे. शत्रू टाकायला मेमरीच शिल्लक नव्हती, नवीन माणसाच्या नवीन हालचाली ठेवायच्या कुठे? मग त्याने प्रिन्सच्याच फ्रेम घेतल्या, बिट्सची थोडी उलटापालट केली आणि त्याच माणसाची चमकणारी सावली तयार झाली. चौथ्या लेव्हलला वाटेत आरसा येतो, त्यातून उडी मारावीच लागते, आणि पलीकडून तुमचंच दुसरं रूप पळून जातं. मग ते तुमच्यासमोर औषधाची बाटली पिऊन टाकतं, पुढे दार बंद करून तुम्हाला खाली पाडतं. आणि शेवटी १२ व्या लेव्हलला ते तलवार काढून समोर उभं राहतं, तुम्ही त्याला मारलं की तुमचीच ताकद कमी होते. उपाय एकच, तलवार म्यान करायची. मग दोघं एक होतात. एक शब्दही कुणी बोलत नाही, कटसीन नाही, आणि हे सगळं खेळणाऱ्याने स्वतःच्या बोटांनी करायचं. आम्ही मुलं किती दिवस अडकलो होतो तिथे, आणि ज्याला पहिल्यांदा सुचलं की लढायचंच नाही, त्याचा चेहरा मला अजून आठवतो. मेमरी नव्हती म्हणून ही गोष्ट जन्माला आली.

आणि मग सीडी आली. जिथे काही केबीसाठी मारामारी चालायची तिथे अचानक ६५० एमबी, म्हणजे आवाज, संगीत, कॅमेरा, नट, सगळंच मावायला लागलं. १९९८ मध्ये हिदेओ कोजिमा यांचा 'मेटल गिअर सॉलिड' प्लेस्टेशनवर दोन सीडींत आला आणि गेम सिनेमासारखा दिसू शकतो हे जगाला कळलं. लोक लांब कटसीनबद्दल बोलतात, पण त्याच गेममध्ये सायको मँटिस नावाचा शत्रू तुमचं मेमरी कार्ड वाचून तुम्ही दुसरे कुठले गेम खेळता ते सांगतो, तुमचं मन वाचतो म्हणून मार चुकवतो, आणि त्याला हरवायचं तर कंट्रोलर उपसून दुसऱ्या पोर्टात लावायचा. म्हणजे कोजिमांना दोन्ही येत होतं, हाताला गोष्टीत ओढणंही आणि हात थांबवून गोष्ट सांगणंही. २००८ च्या चौथ्या भागापर्यंत दुसरं वाढत गेलं, त्याचा शेवट एक तासापेक्षा जास्त चालतो. मला तो गेम आवडतो, पण त्या तासात मी कंट्रोलर टीपॉयवर ठेवून चहा केला हेही खरं आहे.

उलट बाजूलाही तितक्याच ठाम मताचे लोक होते. 'डूम' हा गोळीबाराचा गेम बनत असताना टीममधल्या टॉम हॉलने जाडजूड कथा लिहून काढली होती, ती बाजूला पडली आणि १९९३ मध्ये तो कंपनीतून बाहेर पडला, आणि त्याच टीममधला जॉन कारमॅक म्हणाला होता की गेममधली गोष्ट ही ब्लू फिल्ममधल्या गोष्टीसारखी, असावी अशी अपेक्षा असते पण तिला महत्त्व नसतं. २००१ च्या सुमाराला हा वाद विद्यापीठांतही पोचला, एस्पन आर्सेथ, मार्क्कू एस्केलिनन वगैरे मंडळी म्हणत होती की गेम हा नियमांचा खेळ आहे, त्याला कथेच्या फुटपट्टीने मोजू नका, तर जॅनेट मरे यांनी 'टेट्रिस'मध्येसुद्धा कामाच्या ढिगाऱ्याखाली दबलेल्या अमेरिकन माणसाचं आयुष्य वाचलं होतं. मला त्यातलं बरंचसं भांडण शब्दांचं वाटतं, म्हणून तिथे जास्त रेंगाळत नाही.

आपल्याकडे मात्र या वादाला एक वेगळं कारण जोडलं गेलं, ते म्हणजे सायबर कॅफे. 'व्हाइस सिटी' सगळ्यांनी खेळली पण त्यातल्या टॉमी आणि सनी या गुंडांचं नेमकं काय भांडण होतं हे आमच्या ग्रुपमध्ये एकालाही सांगता आलं नसतं. तासाला २० रुपये मोजून बसलेला मुलगा कटसीन बघत बसेल का, त्यात इंग्लिश धड कळत नाही, हेडफोन एकच आणि मागे नंबर लावून तिघं उभे. बटण दाबून पुढे, दुसरं काही डोक्यात यायचंच नाही. आमच्या पिढीतल्या खूप जणांना आजही गोष्ट नको वाटते, त्याचं कारण माझ्या मते तिथे आहे, ती सवय पैशांनी लावलेली होती.

आता २००१ मधलाच 'इको'. तो बनवणारे फुमितो उएदा यांची पद्धत काढून टाकण्याची, जे नसलं तरी चालेल ते सगळं काढायचं. शिंगं असलेला एक मुलगा, एक मुलगी, तिची भाषा त्याला कळत नाही, तुम्हालाही नाही, आणि एक बटण दाबून धरलं की त्याने तिचा हात धरलेला असतो. बटण सोडलं की हात सुटला. पूर्ण गेमभर माझं बोट त्या बटणावर होतं, आणि मग एका जागी तिच्यापासून लांब जावं लागतं तेव्हा ते मोकळं बोट खरंच रिकामं वाटतं. २००५ च्या 'शॅडो ऑफ द कोलोसस'मध्ये १६ अजस्र प्राणी मारायचे, बस, पण प्रत्येकाला मारल्यावर हिरो थोडा थोडा काळवंडत जातो, आणि तो प्राणी कोसळताना वाजणारं संगीत जिंकल्याचं नसतं. तुम्ही मारताय, तुम्हीच बघताय.

२००७ मध्ये क्लिंट हॉकिंग या डिझायनरने 'बायोशॉक'बद्दल लिहिताना एक शब्द आणला, लूडोनॅरेटिव्ह डिसोनन्स. नाव अवघड आहे, मुद्दा साधा आहे, खेळ एक सांगतो आणि गोष्ट दुसरंच. त्याच वर्षी 'अनचार्टेड' आला, त्यातला नेथन ड्रेक कटसीनमध्ये हसरा, गोड माणूस आणि खेळताना शेकडो लोकांना गोळ्या घालणारा, म्हणून हा शब्द त्याला कायमचा चिकटला. बनवणाऱ्यांनीही ते ऐकलं, २०१६ च्या चौथ्या भागात १००० शत्रू मारल्यावर मिळणाऱ्या ट्रॉफीला त्यांनी याच शब्दाचं नाव दिलं.

गोष्ट भरपूर आणि तरी हात मोकळा असं जमतं का, याचं मला पटलेलं उत्तर २०१८ च्या 'गॉड ऑफ वॉर'मध्ये आहे. कॅमेरा एकदाही तुटत नाही त्याची खूप चर्चा झाली, पण मला होडी जास्त महत्त्वाची वाटते. हिरो क्रेटोस होडी वल्हवतो, पोरगा समोर बसलेला, कमरेला मिमिर नावाच्या पात्राचं बोलणारं मुंडकं, आणि ते देवांच्या कथा सांगत असतं. तुम्ही मध्येच किनाऱ्याला लागलात तर गोष्ट थांबते, परत होडीत बसलात की मागचा धागा पकडून पुढे सुरू. कीर्तनात बुवा आख्यान अर्ध्यावर सोडून गजर लावतात आणि मग तर कुठे होतो आपण म्हणत पुढे जातात ना, अगदी तसं. मी कित्येकदा किनारा आला तरी होडी गोल गोल फिरवत राहिलो, गोष्ट संपेपर्यंत. मला कुणीही थांबवलं नव्हतं.

आणि आपल्या पुण्याचा 'राजी'. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या टीमने बनवलेला, २०१७ मध्ये किकस्टार्टर या वेबसाइटवर लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला तो जमला नाही, तरी २०२० मध्ये गेम आला. सर्कशीत कसरती करणारी राजी, तिचा पळवून नेलेला भाऊ गोलू, समोर महाबलासुर. कटसीन आहेत पण ते सावल्यांच्या बाहुल्यांचे, छोटे, आणि बाकी गोष्ट दुर्गा आणि विष्णू यांच्या बोलण्यातून तुम्ही खेळत असतानाच कानावर पडते. शेवट फार अर्धवट तोडलाय, ही तक्रार बऱ्याच जणांनी केली आणि माझीही आहे, चार-पाच तासांत संपणाऱ्या गेमला तो परवडत नाही. पण वाटेत भिंतींवर चित्रं आहेत, त्यांच्यापाशी थांबलं तर देवांच्या कथा ऐकायला मिळतात, नाही थांबलं तर काहीही अडत नाही. माझी दहा वर्षांची भाची पहिल्यांदा खेळली तेव्हा सगळी चित्रं मागे टाकून धावत सुटली, तिला फक्त त्रिशूळ चालवायचा होता. नंतर २०२२ च्या आवृत्तीत हिंदी आवाज आले, तेव्हा तिने परत पहिल्यापासून सुरू केला, आणि पहिल्याच चित्रापाशी राजीला उभं करून मला म्हणाली, मामा थांब, बोलू नकोस, ती सांगतेय.