मंदगती शटरचे वन्यजीव छायाचित्रण

धावणाऱ्या, उडणाऱ्या किंवा पोहणाऱ्या वन्य प्राण्याचे छायाचित्र घेताना शटर मुद्दाम अधिक काळ उघडे ठेवून त्याच्या हालचालीचा माग प्रतिमेत धूसर पट्ट्यांच्या रूपाने उमटू देण्याच्या पद्धतीला मंदगती शटरचे छायाचित्रण म्हणतात. तिचे दोन प्रकार रूढ आहेत. एकात कॅमेरा प्राणी जातो त्याच दिशेने व त्याच्याच वेगाने फिरवला जातो (पॅनिंग), त्यामुळे प्राणी बऱ्याच अंशी स्पष्ट राहून पार्श्वभूमी आडवी ओढली जाते. दुसऱ्यात कॅमेरा तिपाईवर स्थिर असतो आणि कळप किंवा थवा त्याच्यापुढून वाहत जातो.

पद्धतीचा उगम वादग्रस्त आहे. एडवर्ड मायब्रिज यांनी १८७८ मध्ये घोड्याच्या दौडीची आणि एत्येन-झूल मारे यांनी १८८२ पासून आपल्या ‘छायाचित्र-बंदुकी’ने उडत्या पक्ष्यांची जी छायाचित्रे घेतली, त्यांचा उद्देश नेमका उलट, म्हणजे गती थोपवून तिचे टप्पे वेगळे करण्याचा होता. मारे यांची बंदूक सेकंदाला १२ चित्रे घेई आणि प्रत्येकाचे उद्भासन (शटर उघडे राहण्याचा काळ) १/७२० सेकंदाचे असे. इटलीतील छायाचित्रकार आंतोन जूलियो ब्रागाल्या यांनी १९११ च्या सुमारास या विश्लेषणालाच आक्षेप घेतला व हालचालीचा अखंड माग हाच छायाचित्राचा विषय मानला. मात्र त्यांचे विषय मानवी होते. पॅनिंगचे आद्य उदाहरण म्हणून फ्रेंच छायाचित्रकार झाक आंरी लार्तीग यांच्या शर्यतीच्या मोटारीचे छायाचित्र नेहमी पुढे केले जाते. ते दीर्घकाळ १९१२ चे म्हणून छापले गेले. मोटारीच्या ओळखीवरून ते १९१३ चे ठरवणारे मत आता अधिक ग्राह्य वाटते. तथापि त्यातील कललेले प्रेक्षक आणि लंबवर्तुळाकार चाक हा पडदा-शटरची (अरुंद फटीतून काचेच्या एकेका पट्ट्यावर प्रकाश सोडणाऱ्या शटरची) फट छायाचित्राच्या काचेवरून हळूहळू सरकल्याचा परिणाम आहे. केवळ दीर्घ उद्भासनाने आकार असे कलत नाहीत, त्यामुळे या छायाचित्राला प्रस्तुत पद्धतीचा थेट पूर्वज म्हणणे सावधपणेच घ्यावे.

छायाचित्रकार अर्न्स्ट हास यांनी १९५० च्या दशकात स्पेनमधील बैलझुंजींची रंगीत, धूसर छायाचित्रे प्रसिद्ध केली आणि तेथून ही पद्धती प्राणिचित्रणात आली, असे अनेक जण मानतात. हास यांनी तिला प्रतिष्ठा मिळवून दिली एवढे निश्चित. जनकत्व त्यांना देणे मात्र घाईचे होईल. त्या काळातील कोडाक्रोम या रंगीत फिल्मची प्रकाशाला संवेदनशीलता अवघी १० एएसए (फिल्मच्या संवेदनशीलतेचे माप) होती. सावलीत भिंग पुरते उघडूनही उद्भासन १/२५ सेकंदाच्या आसपास रेंगाळे, त्यामुळे अशी चित्रे हास यांच्याआधीही अनेकांच्या हातून निघत असणार व बिघडलेली म्हणून बाजूला पडत असणार. टाकून दिलेल्या चित्रांचा पुरावा सहसा उरत नाही.

शटर ‘मंद’ केव्हा म्हणावे, हे सेकंदाच्या अपूर्णांकावर ठरत नाही. शटर उघडे असेपर्यंत प्रतिमा संवेदकावर (कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणाऱ्या पटलावर) किती सरकते, यावर ठरते. ४० मीटर अंतरावरून आडवा, सेकंदाला १० मीटर वेगाने जाणारा पक्षी ४०० मिमी केंद्रांतराच्या (दूरचे मोठे दाखवणाऱ्या) भिंगातून पाहिल्यास त्याची प्रतिमा सेकंदाला १०० मिमी सरकते. कॅमेरा स्थिर असेल तर १/२५ सेकंदात हे सरकणे ४ मिमी, म्हणजे ३६ मिमी रुंद संवेदकाचा नववा भाग होते. १/२००० सेकंदातही ते ०.०५ मिमी भरते, जे तीक्ष्णतेच्या पारंपरिक ०.०३ मिमी मर्यादेपेक्षा अधिकच आहे. कॅमेरा बरोबर फिरवला की हेच सरकणे पार्श्वभूमीच्या वाट्याला जाते. पंखांचा हिशेब वेगळा आहे. सेकंदाला ६ फडफडी करणारा पक्षी १/२५ सेकंदात सुमारे पाव फडफड पुरी करतो. ५० फडफडी करणारा गुंजनपक्षी तेवढीच पाव फडफड १/२०० सेकंदात करतो. पंखांच्या धूसरतेपुरती ही दोन्ही उद्भासने सारखीच मंद आहेत, म्हणून छायाचित्रणाच्या कोष्टकांत दिलेले शटरवेगांचे सरसकट आकडे फारसे उपयोगी पडत नाहीत.

प्राणी छायाचित्रकाराच्या अगदी समोरून जातो तेव्हा त्याचा कोनीय वेग सर्वाधिक असतो, पण त्याच क्षणी तो सर्वांत कमी बदलतो. हात एकसारख्या गतीने फिरवणे तेथेच शक्य होते. खालीवर होणारी हालचाल पॅनिंगने सुटत नाही. पक्षी फडफडीबरोबर धड वर-खाली झाले तरी डोके बऱ्याच अंशी स्थिर राखतात. त्यामुळे धड विरघळलेले आणि डोळा मात्र टोकदार, असे चित्र त्यांच्या बाबतीत मिळू शकते. उड्या घेत पळणाऱ्या हरणांत ते क्वचितच साधते. आरसा असलेल्या कॅमेऱ्यात उद्भासनभर व्ह्यूफाइंडर अंधारतो व प्राण्याचा माग अंदाजाने ठेवावा लागतो. सोनी अल्फा ९ (२०१७) सारख्या आरसाविरहित कॅमेऱ्यांनी ही अडचण कमी केली. भिंगातील प्रतिमा-स्थिरीकरण (हाताचा हादरा शमवणारी यंत्रणा) पॅनिंगलाच हादरा समजून विरोध करी. कॅनननी १९९७ मध्ये ३०० मिमी भिंगात केवळ उभा हादरा शमवणारी दुसरी पद्धत दिली. भर उन्हात भिंगाचे प्रकाशछिद्र एफ/२२ पर्यंत (म्हणजे अगदी) लहान केल्यास विवर्तनाने (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) तीक्ष्णता घटते आणि संवेदकावरील धूळ ठिपक्यांसारखी उमटते, म्हणून प्रकाश आठव्या हिश्शावर आणणारे करडे फिल्टर अधिक बरे.

पाण्याखालील व रात्रीच्या चित्रणात मंद शटरला फ्लॅशची जोड देतात. उद्भासन संपता संपता फ्लॅश उडवला की प्रकाशाचा माग प्राण्याच्या मागे राहतो; सुरुवातीलाच उडवल्यास तो पुढे पडून प्राणी उलटा चालल्यासारखा भासतो.

संगणकावर नंतर चढवलेली धूसरता ओळखण्याची एक खूण अभ्यासकांना उपयोगी पडते. एकाच जागी उभे राहून केलेल्या पॅनिंगमध्ये स्थिर वस्तू, दूरच्या असोत वा जवळच्या, जवळपास सारख्याच ओढल्या जातात. त्यामुळे प्राण्याच्या पुढचे गवतही पट्ट्यांत बदलून त्याच्या पायांवर अर्धपारदर्शक पडद्यासारखे येते. नंतर केलेल्या धूसरीकरणात हा पडदा बहुधा नसतो.