पाटील आणि पटेल : आडनावावरून जात मोजताना

निवडणूक जवळ आली की वृत्तपत्रांतून आडनावांची मोजदाद सुरू होते आणि ‘पाटील’ व ‘पटेल’ ही महाराष्ट्र आणि गुजरातमधील शेतकरी सत्तेची जुळी नावे असल्यासारखी एका दमात घेतली जातात. दोन्हींचे मूळ गावच्या कारभारात आहे हे खरे. मात्र पटेल हे आडनाव पुढे प्रामुख्याने एका समाजाची ओळख बनले, तसे पाटील या आडनावाचे झाले नाही. हा फरक न पाहता केलेले राजकीय हिशेब चुकतात.

मराठी मुलखात पाटीलकी हे वंशपरंपरागत वतन होते. सारा वसूल करणे, पडीक जमीन लागवडीखाली आणणे, तंटे मिटवणे ही पाटलाची कामे; दप्तर कुलकर्ण्याकडे असे. या कामाच्या बदल्यात इनाम जमीन मिळे आणि पोळ्याला, होळीला पहिला मान मिळे. वतनाची वाटणी होई, विक्रीही होई, त्यामुळे निम्मी पाटीलकी एका घराण्याकडे आणि निम्मी दुसऱ्याकडे असल्याची उदाहरणे जुन्या कागदपत्रांत आढळतात. उत्तर हिंदुस्थानचे राजकारण हाती असलेले महादजी शिंदे पाटीलबाबा म्हणून ओळखले जात, इतकी या पदाची प्रतिष्ठा होती. मराठा-कुणबी पाटील संख्येने अधिक असले, तरी माळी, धनगर, आगरी, कोळी, लिंगायत आणि जैन घराण्यांकडेही पाटीलकी होती. म्हणूनच वसंतदादा पाटील मराठा, 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणारे कर्मवीर भाऊराव पाटील जैन, शिवराज पाटील चाकूरकर लिंगायत आणि नवी मुंबईच्या प्रकल्पग्रस्तांसाठी लढलेले दि. बा. पाटील आगरी. विखे-पाटील, मोहिते-पाटील यांसारख्या जोडनावांत तर मूळ आडनाव आणि वतन दोन्ही शेजारी शेजारी दिसतात. मुलकी पाटलाचे पद 1962 च्या कायद्याने रद्द झाले; पोलीस पाटील मात्र आजही आहे.

गुजरातमध्ये वेगळे घडले. मध्य गुजरातेतील चरोतरच्या सुपीक पट्ट्यातील सधन कणबी शेतकऱ्यांनी पाटीदार ही ओळख धारण केली आणि विसाव्या शतकात ती लेवा व कडवा या दोन्ही मोठ्या शाखांनी आपली मानली. 1918 चा खेडा सत्याग्रह आणि 1928 चा बारडोली सत्याग्रह यांतून वल्लभभाई पटेल घडले. 1946 मध्ये त्रिभुवनदास पटेल यांच्या पुढाकाराने खेडा जिल्ह्याचा दूध संघ उभा राहिला. सौराष्ट्रात 1951 च्या जमीन सुधारणेमुळे गरासदारांच्या, म्हणजे तेथील जमीनदारांच्या, जमिनी कसणारी कुळे मालक झाली आणि त्यांत पाटीदार मोठ्या संख्येने होते. माझ्या मते तेथील पाटीदारांच्या राजकीय बळाचा हाच खरा पाया आहे. चिमणभाई, केशुभाई, आनंदीबेन आणि भूपेंद्र पटेल हे मुख्यमंत्री याच समाजातले. अपवाद अर्थातच आहेत : भरूचचे अहमद पटेल मुस्लिम होते आणि कोळी समाजातही पटेल आहेत. तरीही गुजरातमध्ये ‘पटेल मतदार’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात पाटीदार येतो. महाराष्ट्रात ‘पाटील मतदार’ असे म्हणून कोणताही एक समाज डोळ्यांपुढे उभा राहत नाही.

दोन्ही आडनावे एकमेकांच्या प्रांतातही वावरतात. गोंदियाचे प्रफुल्ल पटेल गुजराती कुटुंबातले, तर जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील 2020 मध्ये गुजरात भाजपचे प्रदेशाध्यक्ष झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत 2022 साली पक्षाने 182 पैकी 156 जागा जिंकल्या.

आरक्षणाच्या आंदोलनांत हा फरक सर्वांत ठळकपणे दिसतो. 2015 मध्ये हार्दिक पटेल यांनी पाटीदार या नावानेच अहमदाबादेत विराट सभा घेतली. महाराष्ट्रात 2023 पासून मनोज जरांगे-पाटील यांनी मराठा समाजासाठी लढा उभारला. पण त्यात जातीचा दाखला मिळवताना पाटील या आडनावाचा उपयोग होत नाही, पणजोबांच्या महसुली किंवा शाळेच्या नोंदीत ‘कुणबी’ हा शब्द सापडावा लागतो, आणि त्यासाठी मराठवाड्यात निजामकालीन दप्तरे उघडावी लागली.