थायमस काढली, तरी अँटीबॉडी का उतरत नाहीत?

कोथरूडच्या एका ओळखीच्या बाईंनी परवा रिपोर्ट पाठवला. मायस्थेनिया ग्रेव्हिससाठी थायमस ग्रंथी काढून वर्ष झालं. पापणी आता संध्याकाळीही उघडी राहते, स्टेरॉइड निम्म्यावर आलंय. पण अँटीबॉडीचा आकडा जवळपास जिथल्या तिथे. "म्हणजे ऑपरेशन फुकट गेलं का हो?" त्यातच सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी 'अँटीबॉडी धुऊन काढणारा' काढा सुचवलेला.

अमिताभ बच्चनमुळे या आजाराचं नाव आपल्याकडे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. मज्जातंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलिन हे निरोप पोचवणारं रसायन सुटतं, स्नायूवरच्या रिसेप्टरला, म्हणजे तो निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं आणि स्नायू आकसतो. या आजारात शरीर बहुधा त्या रिसेप्टरविरुद्धच अँटीबॉडी बनवतं. मग पापण्या, गिळणं, बोलणं वापरता वापरता थकत जातं.

या अँटीबॉडी मोजतात कशा, हे मला यातलं सर्वांत देखणं प्रकरण वाटतं. आपल्या मण्यारीच्या तैवानकडच्या भाऊबंदाच्या विषात अल्फा-बंगारोटॉक्सिन असतं. ते नेमकं याच रिसेप्टरला चिकटतं आणि सहसा सोडत नाही. त्याला किरणोत्सारी आयोडीन जोडायचं, ते रिसेप्टरला चिकटवायचं आणि त्यात रुग्णाचा सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा पातळ भाग, घालायचा. अँटीबॉडी रिसेप्टरला धरतात. मग या अँटीबॉडींचा साका पाडायचा आणि तो वेगळा काढून किरणोत्सार मोजायचा. 1973 साली पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम या संशोधकांनी ईल माशाच्या विद्युत-अवयवातला रिसेप्टर सशांना टोचला, सशांनी त्याविरुद्ध अँटीबॉडी बनवल्या आणि ते लुळे पडले. त्याच वर्षी फॅमब्रो, ड्रॅकमन आणि सत्यमूर्ती यांनी हेच विष वापरून रुग्णांच्या स्नायूंत रिसेप्टर कमी असल्याचं दाखवलं.

पण ही चाचणी परीक्षानळीतली पकड मोजते, स्नायूचं नुकसान नाही. काही अँटीबॉडी कॉम्प्लिमेंट नावाच्या प्रथिनांना बोलावून स्नायूच्या पटलाला भोकं पाडतात. काही आपल्या दोन हातांनी दोन रिसेप्टर एकत्र बांधतात आणि पेशी ती जोडी गिळून टाकते; रिसेप्टर दुप्पट-तिप्पट वेगाने नष्ट होतात. काही नुसत्या वाट अडवतात. आकड्यात सगळ्या सारख्याच. म्हणून आकडा 50 असलेला माणूस लक्ष्मी रोडवर खरेदी करत हिंडतो आणि 5 वाल्याला घास गिळता येत नाही, असंही होऊ शकतं.

आता थायमस. छातीच्या मधल्या हाडामागच्या या ग्रंथीत स्नायूसारख्या काही पेशी असतात आणि त्यांच्यावर हाच रिसेप्टर असतो. अनेक रुग्णांत तिथे अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी तयार होऊ लागतात. दहा-पंधरा टक्क्यांत गाठही असते. 1936 मध्ये अमेरिकन सर्जन अल्फ्रेड ब्लेलॉक यांनी एका तरुणीची अशी गाठ काढली आणि ती सुधारली. गाठ नसलेल्यांना फायदा होतो का, याचं भक्कम उत्तर मात्र 2016 मध्ये मिळालं. 126 रुग्णांच्या चाचणीत तीन वर्षांचा सरासरी अशक्तपणाचा गुण ऑपरेशनवाल्यांत 6.15, नुसत्या प्रेडनिसोन या स्टेरॉइडवाल्यांत 8.99, कमी तितकं चांगलं. दिवसाआड लागणारं औषध 60 ऐवजी 44 मिलिग्रॅम. यशाचा निकष ताकद आणि गोळ्या हा होता, अँटीबॉडी नव्हे.

मग आकडा का हलत नाही? सदाशिव पेठेतला एमपीएससीचा क्लास बंद पडला, तरी तिथून पास झालेले अधिकारी जिल्ह्याजिल्ह्यांत खुर्चीवर असतातच. थायमसमधून बाहेर पडलेल्या प्लाझ्मा पेशी अस्थिमज्जेत वर्षानुवर्षं अँटीबॉडी बनवत बसतात. एकेका अँटीबॉडीचं अर्धायुष्य तीन आठवड्यांचं, पण कारखाना चालूच. आकडा उतरलाच तर हळूहळू, महिन्या-वर्षांनी. काहींचा उतरतच नाही.

राहिला काढा. अँटीबॉडी खरोखर धुता येतात. त्याला प्लाझ्माफेरेसिस म्हणतात, ती रुग्णालयात यंत्रावर होते आणि परिणाम काही आठवडेच टिकतो. पोटात गेलेला काढा रक्तातून निवडून तेवढ्याच अँटीबॉडी कशा उचलणार, हे ग्रुपवर कुणी सांगत नाही. उलट मॅग्नेशियमने आणि काही अँटिबायोटिक्सने या रुग्णांचा अशक्तपणा अचानक वाढू शकतो. बाईंना म्हटलं, रिपोर्ट फाइलला लावा, आणि काढ्याची बाटली डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उघडू नका.